ऑफिसातली व्हिजिटर मॅनेजमेंट सिस्टम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिसेप्शन, सिक्युरिटी, अ‍ॅडमिन आणि क्वचित स्वतः व्हिजिटर अशा सगळ्या बाजूंनी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त भाषा थोडी सावरली आहे. ‘होस्ट’ म्हणजे ज्याला भेटायला माणूस आला आहे तो कर्मचारी. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही सिस्टम म्हणजे नक्की काय? गेटवर वही आहेच की.

वहीत लिहिली जाते तीच माहिती टॅबवर, मोबाइलवर किंवा रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर भरली जाते: कोण आलं, कोणाकडे आलं, कधी आलं, कधी गेलं. पण वहीत दोन खोट आहेत. दोरीला बांधलेलं पेन हातात घेऊन उभा असलेला माणूस वरच्या दहा ओळी वाचतोच. नावं, फोन नंबर, आणि आपला प्रतिस्पर्धी सकाळीच कोणाला भेटून गेला तेही. दुसरी खोट मोठी आहे. ‘या मिनिटाला आत कोण कोण आहे?’ या प्रश्नाला वहीकडे उत्तर नसतं. कुठल्याही वहीतला ‘जाण्याची वेळ’ हा रकाना उघडून बघा. अर्धा रिकामा असतो, उरलेला संध्याकाळी एकाच हस्ताक्षरात भरलेला.

सिस्टम घेऊनही या एका प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल, तर तुम्ही महागडी वही विकत घेतली आहे.

२. आमच्याकडे दिवसाला चार-पाचच माणसं येतात. तरी गरज आहे का?

बहुतेक नाही. रिसेप्शनवरची व्यक्ती सगळ्यांना चेहऱ्याने ओळखत असेल आणि दार एकच असेल, तर प्रत्येकाला सुटी चिठ्ठी भरायला द्या आणि चिठ्ठ्या कुलपात ठेवा. वरची नावं वाचण्याची भानगड तिथेच मिटते. माणसं कमी असली तरी दारं दोन असतील, शिफ्ट असतील किंवा ग्राहकाचा ऑडिट होत असेल, तर मात्र गणित बदलतं. माणसं किती येतात यापेक्षा त्यांच्यावर एका नजरेत लक्ष ठेवता येतं का, हे बघा.

३. माणूस आल्यापासून जाईपर्यंत सगळं कसं चालतं?

होस्ट आदल्या दिवशी किंवा सकाळी आमंत्रण पाठवतो. व्हिजिटरला मेसेजमध्ये लिंक किंवा क्यूआर कोड मिळतो. आल्यावर तो कोड दाखवतो, नाहीतर टॅबवर नाव भरतो. होस्टला सूचना जाते, होस्ट होकार देतो, बॅज छापून मिळतो आणि होस्ट किंवा कोणीतरी त्याला आत नेतं. जाताना बॅज परत आणि चेक-आउट. यातली आधीची सगळी पावलं सिस्टम विकणारे तासभर दाखवतात. शेवटचं पाऊल त्यांना तुम्हीच विचारा (प्रश्न १२).

४. प्रत्येकाची आगाऊ नोंद सक्तीची करावी का?

सक्ती नको, पण सवय लावा. आगाऊ नोंद असली की गेटवर फक्त ‘हाच तो माणूस का’ एवढंच बघायचं उरतं. न कळवता आलेल्यांसाठी वेगळा रस्ता ठेवावाच लागतो, आणि तो मुद्दाम थोडा लांबचा ठेवा: फोन नंबरची खात्री, होस्टचा होकार, मगच बॅज. दोन्ही रस्ते सारखेच सोपे असतील तर आगाऊ नोंद कोण करेल?

५. नोंदीत काय काय विचारावं? आमच्या फॉर्ममध्ये १६ रकाने आहेत.

नाव, संस्था, होस्ट, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. आणीबाणीत संपर्क व्हावा म्हणून फोन नंबर. बहुतेक ऑफिसांना एवढं पुरतं. बाकीच्या प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न टाका: गेल्या वर्षभरात हा रकाना कोणी, कशासाठी उघडून पाहिला? उत्तर नसेल तर रकाना काढा. घरचा पत्ता, जन्मतारीख, ईमेल हे बहुधा कुठल्यातरी जुन्या फॉर्ममधून उतरलेले असतात.

अपवाद खरे आहेत. अमेरिकेच्या संरक्षण-निर्यात नियमांखाली, म्हणजे आयटारखाली, काम करणाऱ्या जागी नागरिकत्व विचारावं लागतं, कारण तिथे परदेशी व्यक्तीला तांत्रिक माहिती नुसती दाखवणं हीसुद्धा निर्यात धरली जाऊ शकते. प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात सेफ्टी शूज, अ‍ॅलर्जी वगैरे विचारणंही योग्य. पण ते त्या जागेपुरतं. रिसेप्शनवरून मीटिंग रूममध्ये जाऊन परत निघणाऱ्याला नको.

६. ओळखपत्राचा फोटो काढून ठेवावा की नुसतं बघावं?

नुसतं बघा. गार्डने ओळखपत्र हातात घेतलं, चेहरा ताडला, सिस्टममध्ये ‘ओळखपत्र पाहिलं’ अशी खूण केली, की काम झालं. फोटो काढून ठेवलात तर शेकडो लोकांच्या ओळखपत्रांची साठवण तुमच्या गळ्यात पडते आणि ती फुटली तर जबाबदारीही तुमचीच. एखाद्या ठिकाणी नियमानेच प्रत ठेवावी लागत असेल तर क्रमांकाचे शेवटचे चार अंक सोडून बाकी झाका.

आणि ओळखपत्र गेटवर ‘जमा’ करून घेणं बंद करा. ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून ठेवलेल्या लोकांच्या कार्डांचा गठ्ठा मी पाहिला आहे. सगळ्यात खालचं कार्ड कोणाचं, हे तिथे कोणालाच सांगता आलं नाही.

७. चेहरा ओळखणारा कॅमेरा लावला तर रांगच संपेल ना?

रांग कमी होईल, पण डोक्याला ताप वाढेल. बॅजवर छापायला साधा फोटो काढणं वेगळं आणि चेहऱ्याची मोजमापं साठवून त्यावरून माणूस ओळखणं वेगळं. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात, म्हणजे जीडीपीआरमध्ये, ओळख पटवण्यासाठी वापरलेला बायोमेट्रिक डेटा हा कलम ९ खालच्या विशेष वर्गात येतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २००८ पासून त्यासाठी लेखी संमतीचा कायदा आहे. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्ग नाही, म्हणून तो सर्रास वापरावा असं होत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कसा बदलणार? वर्षातून एकदा अर्ध्या तासासाठी येणाऱ्या माणसाचा चेहरा साठवण्याइतकं कारण बहुतेक ऑफिसांकडे नसतं. रोज येणाऱ्या कंत्राटी कामगारांसाठी विचार करत असाल तर आधी प्रश्न १८ वाचा.

८. ‘मी सहमत आहे’ या चौकटीवर टिक घेतली की कायद्याचं काम झालं?

नाही. ‘टिक केली नाही तर आत सोडणार नाही’ अशी अट असेल तर ती संमती मोकळेपणाने दिलेली कशी म्हणायची? म्हणून २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरखाली बऱ्याच संस्था गेटवरच्या नोंदीसाठी संमतीऐवजी ‘वैध हितसंबंध’, म्हणजे संस्थेची स्वतःची रास्त गरज, हा आधार घेतात. आधार कुठलाही असो, आपण काय घेतोय, कशासाठी, किती दिवस आणि तक्रार कुठे करायची, हे माणसाला आधी दिसलं पाहिजे.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगितलं आहे. मराठी त्यात आहेच. तेव्हा टॅबवर इंग्रजीची दोन पानं आणि खाली टिक, हे चालवून घेऊ नका. पाच ओळींची मराठी सूचना गार्डलाही समजते, आणि कोणी विचारलं तर तो सांगूही शकतो.

९. नोंदी किती दिवस ठेवायच्या?

सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, पण काही खुंट्या आहेत. कार्ड-पेमेंटचा डेटा हाताळणाऱ्यांसाठीच्या पीसीआय डीएसएस नियमांत, संवेदनशील भागात जाणाऱ्या व्हिजिटरची नोंद किमान ३ महिने ठेवायला सांगितली आहे, स्थानिक कायदा आड येत नसेल तर. त्या नोंदीत व्हिजिटरचं नाव, संस्था, तारीख-वेळ आणि परवानगी देणाऱ्याचं नाव लागतं. माहिती-सुरक्षेच्या आयएसओ २७००१ मध्ये, २०२२ च्या आवृत्तीत, प्रवेशाबाबतचं नियंत्रण ७.२ क्रमांकाचं आहे. दिवस किती ते त्यात ठरवून दिलेले नाहीत, पण तुम्ही जे ठरवाल त्याला कारण असावं लागतं.

माझं मत विचाराल तर: साध्या ऑफिसला ९० दिवस, ज्यांना नियम किंवा करार बांधतो त्यांना तेवढेच दिवस, आणि मुदत संपली की सिस्टमने आपोआप पुसावं. ‘आठवणीने पुसू’ असं ठरवलं की पाच वर्षं कोणालाच आठवत नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि व्हिजिटरच्या नोंदी यांच्या मुदती जुळतात का तेही बघा. आणि हो, दोघांची घड्याळंही. नोंदीत ३:१२ आणि कॅमेऱ्यावर ३:१९ असेल तर चोरीच्या दिवशी त्या सात मिनिटांवरूनच वाद होतो.

१०. ओटीपी येत नाही म्हणून माणूस दारात वीस मिनिटं उभा राहतो. काय करावं?

परदेशी सिम, रोमिंग बंद, तळघरातली रिसेप्शन, बॅटरी संपलेली, कारणं बरीच. ओटीपीने एवढंच कळतं की तो फोन आत्ता त्या माणसाच्या हातात आहे. माणूस कोण, हे त्यातून कळत नाही. होस्ट स्वतः खाली येऊन ‘हे माझ्याकडेच आलेत’ म्हणाला तर ती खात्री ओटीपीपेक्षा पक्की. रिसेप्शनला ओटीपी वगळण्याची मुभा द्या, मात्र वगळलं कोणी आणि का, हे नोंदीत उतरलं पाहिजे. महिनाअखेरीस ती यादी काढली आणि एकाच होस्टची नावं वारंवार दिसली, तर बोलायचं कोणाशी ते कळतं.

११. क्यूआर कोड स्कॅनच होत नाही.

आधी फोनचा ब्राइटनेस वाढवायला सांगा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. उरलेल्यांत एक कारण सहसा लक्षात येत नाही. क्यूआरच्या चारही बाजूंना पांढरी मोकळी पट्टी लागते, निदान कोडमधल्या चार बारीक चौकोनांच्या रुंदीची. लोक स्क्रीनशॉट काढून घट्ट कापतात, किंवा फोनच्या डार्क मोडमध्ये ती पट्टी काळी होते. मग कोड दिसतो व्यवस्थित, पण स्कॅनरला त्याची कड सापडत नाही. मूळ मेसेज उघडायला सांगा. तडा गेलेली काच सहसा अडचण करत नाही, कारण क्यूआरमध्ये दुरुस्तीची सोय असते. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो.

दुसऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट चालतो का, असंही विचारतात. चालू नये. कोड एकदा वापरला की बाद, अशीच सेटिंग हवी.

१२. येताना सगळे नोंद करतात, जाताना कोणीच चेक-आउट करत नाही. उपाय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि यायलाच हवा. येताना माणसाला आत जायचं असतं, म्हणून तो दोन मिनिटं देतो. जाताना त्याला काहीच मिळवायचं नसतं. त्याची गाडी येऊन उभी असते, लिफ्टमध्ये होस्टशी बोलणं चालू असतं, आणि टॅबपुढे तीन नवे लोक उभे असतात. पाट्या लावून हे सुटत नाही.

सुटतं ते बाहेर पडणं आणि चेक-आउट एकच केल्याने. टर्नस्टाइल, म्हणजे फिरत्या दांड्याचं गेट, असेल तर बॅज आत टाकल्याशिवाय दांडा फिरू नये. नसेल तर दारापाशी, रिसेप्शनच्या उलट्या बाजूला, बॅज टाकायची पेटी ठेवा आणि गार्डने प्रत्येक बॅज स्कॅन करून पेटीत टाकावा. गाडीने येणाऱ्यांसाठी बूम बॅरियरवरच स्कॅनर. आणि होस्टच्या मोबाइलवर ‘व्हिजिटरला सोडलं’ असं एकच बटण. होस्ट दारापर्यंत सोडायला येतोच, निदान यायला हवं.

अपेक्षित वेळ उलटून गेली की होस्टला आठवण गेली पाहिजे: ‘तुमचे व्हिजिटर अजून आत आहेत का?’ मात्र हो-नाही दोन्ही बटणं द्या. नुसती ‘ठीक आहे’ असलेली सूचना लोक न वाचता दाबतात.

१३. रात्री १२ वाजता सगळ्यांचं आपोआप चेक-आउट होतं. ही सेटिंग चांगली का?

दिवसाच्या ऑफिसला चालेल, पण अशा नोंदी वेगळ्या रंगात दिसल्या पाहिजेत. ‘गेला’ आणि ‘गेला असावा’ यात फरक आहे. तोच फरक पुसून टाकायला ही सेटिंग वापरतात, म्हणजे सकाळी रिपोर्ट स्वच्छ दिसतो.

रात्रपाळी असलेल्या ठिकाणी ती धोक्याची आहे. सर्व्हर रूममध्ये काम करायला आलेला तंत्रज्ञ १२ वाजून १ मिनिटाला सिस्टमच्या लेखी इमारतीबाहेर असतो. प्रत्यक्षात तो तिथेच पाना घेऊन बसलेला असतो. तिथे वेळ १२ ची नको, शिफ्टच्या शेवटाची ठेवा, आणि आपोआप बंद करण्याआधी गार्डने एक फेरी मारावी.

१४. आग लागली तर यादी कुठून काढायची?

रिसेप्शनच्या टॅबवरून तर नाहीच, तो आत राहिलेला असतो. यादी इमारतीबाहेर उघडता आली पाहिजे, निदान दोघांच्या फोनवर, आणि त्या दोघांपैकी एक जण नेहमी हजर असला पाहिजे. मजल्यानुसार आणि होस्टनुसार लावलेली हवी, आद्याक्षरानुसार नव्हे. असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे बाहेर पडून सगळ्यांनी जमायच्या जागी, होस्टला विचारूनच व्हिजिटर सापडतो.

आगीच्या एका सरावात, म्हणजे ड्रिलमध्ये, मी अशी यादी हातात धरून मैदानात उभा होतो. सिस्टम म्हणत होती १४ व्हिजिटर आत. समोर उभे पाच. उरलेल्या नऊ जणांना एकेक करून फोन लावले. एक ट्रेनमध्ये होता, एक घरी पोचला होता, एकाला आपण त्या दिवशी आमच्याकडे आलो होतो हेच नीट आठवेना. असे आठ झाले. नववा फोन उचलेना, आणि तोवर आम्ही सगळे ‘हाही गेलाच असेल’ म्हणून मोकळे झालो होतो. तो तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या मीटिंग रूममध्ये सापडला. दार बंद, कानात हेडफोन, कॉल चालू. होस्ट त्याला तिथे बसवून एकटाच खाली आला होता.

जाण्याच्या आठ नोंदी राहिल्या होत्या, म्हणून नववा माणूस दिसला नाही. ड्रिलनंतर आम्ही आधी प्रश्न १२ मधली पेटी बसवली, मग बाकीचं.

१५. इंटरनेट किंवा वीज गेली की सिस्टम बंद. मग?

टॅबमध्ये ऑफलाइन नोंद घेऊन नंतर जुळवण्याची सोय आहे का, हे विकत घेण्याआधी स्वतः वाय-फाय बंद करून बघा. ‘आहे’ या उत्तरावर थांबू नका. शिवाय छापील सुट्या चिठ्ठ्या आणि हाताने लिहायचे २० बॅज ड्रॉवरमध्ये असू द्या. वीज आली की त्या चिठ्ठ्या सिस्टममध्ये भरायच्या कोणी, त्याचं नाव आधीच ठरवा.

१६. होस्ट फोनच उचलत नाही, व्हिजिटर ताटकळतो.

प्रत्येक होस्टमागे एक बदली नाव सिस्टममध्ये असावं. पाच मिनिटांत उत्तर नाही तर सूचना त्याच्याकडे जाते. रिसेप्शनने ‘जाऊ दे, चेहरा ओळखीचा आहे’ म्हणत आत सोडायचं नाही, आणि तसं न सोडल्याबद्दल तिला कोणी बोलायचंही नाही. यातलं दुसरं जास्त अवघड आहे.

१७. संचालकांचे पाहुणे नोंद न करता थेट आत जातात. गार्डने काय करावं?

गार्डने काहीही करू नये, हा प्रश्न त्याचा नाहीच. ज्याच्या नोकरीची दोरी समोरच्याच्या हातात आहे, त्याला दार अडवायला सांगणं अन्याय आहे. संचालकांच्या कार्यालयाने आगाऊ नोंद करावी, बॅज आधीच छापून तयार ठेवावा, गाडी थांबताच हातात द्यावा. टॅबपुढे उभं राहावं लागत नाही, मानही राहतो, आणि प्रश्न १४ च्या यादीत नावही येतं. संचालकांना पटवायचं असेल तर सुरक्षेवर व्याख्यान देऊ नका. ड्रिलच्या दिवशी त्यांच्याच पाहुण्याचं नाव यादीत नव्हतं, एवढंच दाखवा.

१८. कंत्राटदाराची माणसं रोज येतात. त्यांनाही रोज टॅबवर नाव भरायला लावायचं?

नाही. महिन्याचा किंवा कामाच्या मुदतीचा पास द्या, रोज फक्त स्कॅन. पण पासाला शेवटची तारीख हवीच, आणि कंत्राट संपल्यावर पास बंद करणं कोणाचं काम ते लिहून ठेवा. संपलेल्या कंत्राटाचे चालू पास हे कुठल्याही ऑडिटमध्ये पहिल्या तासात सापडतात. माणूस बदलला पण पास तोच, हेही होतं, म्हणून यांच्या पासवर फोटो लागतोच. उंचीवर किंवा विजेचं काम असेल तर त्या कामाचा परवाना आणि सेफ्टीची माहिती दिल्याची तारीख त्याच नोंदीला जोडा.

नुसतं पार्सल देऊन जाणाऱ्याची नोंद नको. दाराबाहेर टेबल ठेवा. पार्सल घेऊन लिफ्टने वर जाणार असेल तर तो व्हिजिटरच.

१९. कार्ड विसरलेला कर्मचारी व्हिजिटर बॅज घेऊ शकतो का?

व्हिजिटर म्हणून नाही, नाहीतर आकडे बिघडतात आणि तो यादीत दोनदा दिसतो. ‘तात्पुरतं कर्मचारी कार्ड’ असा वेगळा प्रकार ठेवा, रंगही वेगळा, मुदत त्याच दिवसापुरती. नोकरी सोडून गेलेला माणूस भेटायला आला तर मात्र तो पक्का व्हिजिटर, कितीही वर्षांची ओळख असली तरी.

२०. बॅज कसा असावा? आमचे बॅज लोक घरी घेऊन जातात.

नाव मोठं, तारीख त्याहून मोठी. पाच पावलांवरून कळलं पाहिजे की हा आजचाच आहे आणि सोबत कोणी हवं की नको. त्यासाठी रंग वापरा, बारीक अक्षरं नकोत. प्लास्टिकचे बॅज घरी जातात आणि उद्या कोणाच्याही गळ्यात येऊ शकतात, म्हणून एका दिवसाचे चिकटणारे कागदी बॅज बरे. काही बॅजमध्ये दोन थर असतात. खालची शाई हळूहळू वर झिरपते आणि दिवसाभरात बॅजवर ‘मुदत संपली’ अशी लाल खूण उमटते.

बॅजचे बहुतेक छोटे प्रिंटर थर्मल असतात. त्यात शाई नसते, उष्णतेने कागद काळा होतो. त्यामुळे उन्हात गाडीच्या काचेमागे राहिलेला बॅज काळवंडतो, आणि सॅनिटायझरचा हात लागला की अक्षरं पुसट होतात. ‘प्रिंटर खराब आहे’ म्हणून तक्रार करण्याआधी हे आठवा.

२१. टॅबवर सही केलेला गोपनीयतेचा करार चालतो का?

सहसा चालतो, पण दाराशी उभं राहून, मागे रांग असताना, नऊ पानं न वाचता केलेली सही कोर्टात किती टिकेल हे तुमच्या वकिलाला विचारा. आगाऊ नोंदीच्या मेसेजसोबतच करार पाठवा. कोणी ‘मला सही करायचा अधिकार नाही’ म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं समजू नका. मोठ्या संस्थांमध्ये हे खरंच असतं. अशांना खुल्या भागातल्या मीटिंग रूममध्ये भेटा.

२२. ज्यांना आत सोडायचं नाही त्यांची यादी सिस्टममध्ये ठेवावी का?

ठेवता येते, पण प्रत्येक नावापुढे कारण, ते टाकणाऱ्याचं नाव आणि फेरविचाराची तारीख हवी. रिसेप्शनच्या स्क्रीनवर कारण दिसता कामा नये, ‘सिक्युरिटीला बोलवा’ एवढंच दिसावं. नुसत्या नावावरून अडवू नका. एकाच नावाची दोन माणसं असतात, आणि त्यातला चुकीचा माणूस चार लोकांसमोर अडवला गेला तर ती माफी फार महाग पडते.

२३. पोलीस किंवा सरकारी तपासणी अधिकारी आले तर नोंद सक्तीची?

ओळखपत्र बघा, नाव-वेळ लिहा, ताबडतोब ठरलेल्या वरिष्ठाला कळवा. तपासणीला आलेल्याला ‘होस्टचा होकार आला नाही’ म्हणून दारात थांबवणं हा अडथळा ठरू शकतो. गोपनीयतेच्या करारावरची सही त्यांच्याकडून मागायची नाही. अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका आली तर दार उघडा, नोंद नंतर.

पोलीस व्हिजिटरच्या नोंदी मागत असतील तर तो वेगळा विषय आहे: लेखी मागणी घ्या, मागितल्या तेवढ्याच दिवसांच्या द्या, काय दिलं त्याची प्रत ठेवा.

२४. सिस्टमच हॅक होऊ शकते का?

होऊ शकते. मार्च २०१९ मध्ये आयबीएमच्या एक्स-फोर्स रेड या सुरक्षा-चाचणी गटाने पाच व्हिजिटर सिस्टममध्ये १९ त्रुटी सापडल्याचं जाहीर केलं होतं. हे काम तिथल्या दोन इंटर्न मुलांनी केलं होतं. सापडलेल्या गोष्टींत न बदललेला अ‍ॅडमिन पासवर्ड आणि कीबोर्डची दोन बटणं दाबून नोंदणीच्या स्क्रीनमधून थेट विंडोजमध्ये शिरणं, असले साधे प्रकारही होते.

तेव्हा रिसेप्शनचा टॅब वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, ऑफिसच्या मुख्य नेटवर्कवर नको. त्याचा यूएसबीचा भाग झाकलेला असू द्या. स्क्रीन एकाच अ‍ॅपपुरती बांधलेली हवी. आणि नाव टाइप करताना आधीच्या व्हिजिटरची नावं आपोआप सुचत असतील तर ते आजच बंद करा, नाहीतर प्रश्न १ मधल्या वहीत आणि या टॅबमध्ये फरक काय राहिला?

२५. एचआर म्हणतं, कोणत्या कर्मचाऱ्याकडे कोण कोण येतं याचा रिपोर्ट द्या. देऊ का?

कशासाठी, ते लेखी विचारा. सुरक्षेसाठी घेतलेली माहिती कर्मचाऱ्यावर पाळत ठेवायला वापरणं हा हेतूबदल झाला, आणि सूचनेत (प्रश्न ८) तुम्ही तसं सांगितलेलं नसतं. ठरावीक घटनेची चौकशी असेल तर त्या दिवसाची नोंद देता येते. ‘सहज बघायचं होतं’ याला नकार द्या. असे रिपोर्ट कोणी काढले याचीही सिस्टममध्ये नोंद राहिली पाहिजे.

२६. व्हिजिटरसोबत लहान मूल आलं तर?

मुलाचं स्वतंत्र नाव-फोटो घेऊ नका. भारताच्या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली जाते आणि तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मोठ्यांच्या नोंदीत ‘सोबत १’ असा आकडा टाका. आकडा मात्र टाकाच, कारण मैदानात मोजताना (प्रश्न १४) तोही धरायचा असतो. शाळेची सहल येणार असेल तर सोबतच्या शिक्षकांच्या नावावर एकच नोंद, पुढे संख्या, आणि निघताना तीच संख्या दारात पुन्हा मोजून घ्यायची.

२७. चुकीची नोंद झाली तर दुरुस्त करता येते का? गार्ड म्हणतो येत नाही, अ‍ॅडमिन म्हणतं येते.

दोघंही बरोबर आहेत. गार्डला बदलता येऊ नये, अ‍ॅडमिनला यावं, पण मूळ नोंद पुसून नव्हे. जुनी वेळ, नवी वेळ, बदलणाऱ्याचं नाव आणि कारण, चारही दिसत राहिले पाहिजेत. सर्वांत जास्त बदल होतात ते जाण्याच्या वेळेत, बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी, अंदाजाने. ‘सायंकाळी ६:००’ अशा गोल वेळा महिन्याच्या रिपोर्टमध्ये रांगेने दिसल्या, की दारातली पेटी (प्रश्न १२) पुन्हा कोपऱ्यात सरकवलेली असते. जाऊन बघा.